बानूभाभीनं रंगवलेली हेल्मेटं

बानूभाभीला पांढऱ्याचे सतरा प्रकार दिसतात. मला एकच दिसतो. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पांढऱ्या खडूनं लिहिण्यात गेली, तरी एकच दिसतो.

संगमनेरात नाशिक-पुणे रस्त्याच्या कडेला तिच्या नवऱ्याचं, अलीमभाईंचं, गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. मागे घर, पुढे गॅरेज, मध्ये तेव्हा एक पडदा होता. पांढरी गाडी दारात उभी राहिली की बानूभाभी पडद्याआडून बघायची आणि अलीमभाईंच्या कानात सांगायची, "हिचं डावं दार नंतर बसवलंय. बाकी गाडी दुधाळ, दार खोबऱ्यासारखं." अलीमभाईंनी ते मालकाला ऐकवलं की तो छातीवर हात ठेवून सांगायचा की असं काही नाही, मी स्वतः बघून घेतलीय. मग दोन दिवसांनी तो गाडी विकणाऱ्याच्या घरी जाऊन भांडून यायचा.

गावात मात्र नाव अलीमभाईंचं होतं. रंग जुळवावा तर अलीमभाईंनीच, असं लोक म्हणायचे, आणि अलीमभाई मान खाली घालून हसायचे. लोकांना वाटायचं, काय विनय आहे माणसात!

खरी गोष्ट अशी की अलीमभाईंना लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही. जन्मापासून. सिग्नलला ते वरचा दिवा लागलाय की खालचा एवढंच पाहतात. एकदा कुठेतरी आडवा सिग्नल लागला, तर मागचे हॉर्न वाजवून वाजवून हैराण होईपर्यंत जागचे हलले नाहीत.

बानूभाभीला हे लग्नानंतर पंधराव्या दिवशी कळलं. ती चहा घेऊन गॅरेजात गेली. एका डॉक्टरांची गाडी तयार उभी होती, चार वाजता ते न्यायला येणार होते. नवी नवरी, बोलावं की नाही असं झालं, पण राहवेना.

"हे दार दुसऱ्या गाडीचं आहे का?"

"का?"

"गाडी डाळिंबी आहे. दार शेवाळी."

अलीमभाई स्टुलावर बसले. मग म्हणाले, "कुणाला सांगू नको." घरात ते त्यांच्या बोलीत बोलतात, मी आपलं मराठीत सांगतेय. तिनं चहाचा ट्रे खाली ठेवला, डबे उघडले आणि तीन तासांत डाळिंबी जुळवून दिला. तेव्हापासून सव्वीस वर्षं नजर तिची आणि हात त्यांचा. पुट्टी, घासकाम, स्प्रे, सगळं ते झकास करायचे. रंगाचा डबा तेवढा पडद्याखालून सरकत यायचा. एकमेकांवाचून इतकं अडणारं जोडपं मी दुसरं पाहिलं नाही.

तिची-माझी ओळख झाली ती शुगरमुळे. दोघींची एकाच महिन्यात वाढली, डॉक्टरांनी दोघींना सायकल चालवायला सांगितलं. पुढे आमचा नऊ बायकांचा ग्रुपच झाला. पहाटे शेजारच्या तालुक्याच्या, अकोल्याच्या रस्त्यानं जायचं, टपरीवर बिनसाखरेचा चहा प्यायचा आणि परत यायचं. सगळ्यांत मोठ्या भागूबाई. घरी दोन जर्सी गाई, वय साठीला टेकलेलं, आणि सायकल शिकल्या चोपन्नाव्या वर्षी. त्या नेहमी शेवटी असायच्या आणि ते त्यांच्या मनाला फार लागायचं.

हेल्मेटं आम्ही एकगठ्ठा घेतली. दुकानदारानं दोन पैसे कमी केले, पण सगळी पांढरी. इतकी सारखी, की एकाच लॉटची असल्यामुळे बानूभाभीलासुद्धा ओळखू येईनात. टपरीच्या बाकड्यावर ढीग व्हायचा आणि उठताना जिच्या हाती जे येईल ते डोक्यावर. मी तीन दिवस भागूबाईंच्या माक्याच्या तेलाचा वास घेऊन घरी गेले. मग एकीच्या नातीच्या डोक्यातल्या उवा आठ दिवसांत सगळ्या ग्रुपात फिरल्या. प्रत्येकीला दुसरीवर संशय. ग्रुप फुटायच्या बेतात आला, तेव्हा बानूभाभी म्हणाली, "द्या सगळी इकडे. मी रंग लावून देते."

चार दिवसांनी तिनं नऊ हेल्मेटं ओट्यावर मांडली आणि आम्ही सगळ्या पुढे वाकलो. भागूबाईंना राणी रंग, तोही असा की आत कुठेतरी सोनेरी चमकतोय. मला अबोली. स्वतःला मोरपंखी. भारतीला निळा. भारती नगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स आहे. तिनं निळा म्हणजे नेमका कोणता हे तीनदा समजावून सांगितलं होतं, आणि बानूभाभीनं नेमका तोच काढला होता. भागूबाई त्या दिवशी हेल्मेट घालूनच गाईंची धार काढायला बसल्या. गाईनं लाथ मारली. गाईला रंग आवडला नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

महिनाभरात गावातली पोरं, प्राध्यापक, जिमवाले, जो तो हेल्मेट घेऊन गॅरेजात यायला लागला. चाळीसच्या वर रंगवली तिनं. गाडीचाच रंग, गाडीचंच थिनर, फक्त या वेळी स्प्रेची गनही तिच्याच हातात. लोक म्हणायचे, अलीमभाईंचा हात बघा! ती पडद्याआड हसायची. पण मला एकदा म्हणाली, "बाई, मोरपंखी डोक्यावर घालून मी गावातनं जाते ना, तेव्हा वाटतं, हे माझं आहे."

मग भागूबाई पडल्या. समोरून एक लग्नाची गाडी गेली, गाडीतल्या बायकांनी हेल्मेटकडे बोट दाखवलं, आणि त्या अजून बघतायत का ते बघायला भागूबाईंनी मान मागे वळवली. सायकल सरळ मोरीच्या कठड्याला जाऊन धडकली. मनगट मुरगळलं, गुडघा खरचटला. डोक्याला काही झालं नाही. भागूबाईंना दुःख वेगळंच होतं.

"भाभी, कानामागं रंग उडाला की गं!"

रंग उडाला होता आणि खाली बोटभर तडा गेला होता. बानूभाभीनं पुट्टी भरली, घासली, वरून राणी मारला. हेल्मेट कालच दुकानातून आणल्यासारखं दिसायला लागलं.

यानंतर पंधरा दिवसांनी भारतीचा मुलगा सम्राट सुट्टीवर आला. तो सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. मुलगा गुणी, पण धोका दिसल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. भारतीच्या स्वयंपाकघरात त्यानं बाहेर पडायच्या दारावर हिरवा बाण चिकटवलाय. दार एकच आहे. त्यानं आईचं निळं हेल्मेट हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि थेट गॅरेजात आला. मी तिथंच होते.

"काकू, हे वापरू नका. कारखान्यात कुणी हेल्मेट रंगवलं तर आम्ही ते तिथल्या तिथे मोडीत काढतो."

"का?"

"नियम आहे."

"नियम का आहे?"

"थिनरनं वरचं प्लास्टिक ठिसूळ होऊ शकतं. आतलं थर्माकोल खराब होऊ शकतं. आणि तडा गेला तर रंगाखाली कळत नाही."

"होऊ शकतं म्हणजे? होतं की नाही होत?"

सम्राट जरा घुटमळला. "ते कोणता रंग, कोणतं प्लास्टिक, यावर आहे. म्हणून तर कंपन्या सरळ सांगतात की लावूच नका."

"म्हणजे तुला माहीत नाही," बानूभाभी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण हातातला ब्रश तिनं ज्या प्रकारे डब्यात ठेवला त्यावरून अलीमभाई हळूच गाडीखाली सरकले.

रविवारी परीक्षा ठरली. दुकानातून एक कोरं पांढरं हेल्मेट आणलं. दुसरं बानूभाभीनं स्वतःचं मोरपंखी दिलं. दोन्ही फरशीवर ठेवली. अलीमभाईंनी डेंट काढायचा हातोडा घेतला, सम्राट "काका, अशी परीक्षा नसते" म्हणत राहिला, आणि अलीमभाईंनी दोन्हींवर एकेक दणका घातला.

दोन्ही फुटली.

"दोन्ही नापास," भारती म्हणाली.

"काकू, हेल्मेट फुटायलाच असतं," सम्राट म्हणाला. "ते फुटतं म्हणून डोकं वाचतं."

"मग दोन्ही पास," अलीमभाई म्हणाले.

"पण कुठलं लवकर फुटलं, किती धक्का आत गेला, ते मोजावं लागतं. लॅबमध्ये लोखंडी डोक्यावर हेल्मेट घालून वरून सोडतात."

भागूबाई इतका वेळ ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "लोखंडी डोक्याला हेल्मेट कशापायी लागतंय?"

यावर सम्राटकडे उत्तर होतं, पण ते ऐकायला कुणी थांबलं नाही. ग्रुपात दोन पक्ष पडले. पाच जणी म्हणाल्या रंग बरा, तिघी म्हणाल्या सम्राट शिकलेला आहे. मी दोन्हीकडे मान हलवली.

सोमवारी सकाळी सातला बानूभाभी माझ्या दारात. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात थर्माकोलचे तुकडे, खांद्याला पिशवी, सायकल भिंतीला टेकवलेली. आदल्या दिवशीच्या भांडणामुळे त्या दिवशी सायकलला कुणी बोलावलंच नव्हतं.

"बाई, तुम्ही विज्ञान शिकवलंय ना?"

"मी मराठी शिकवलं."

"चालेल."

तिनं वाटी ओट्यावर ठेवली. पिशवीतल्या बाटलीतून थिनर ओतलं. तिनं फुटलेल्या हेल्मेटातला सुपारीएवढा तुकडा वाटीत टाकला. फस्स असा बारीक आवाज आला, फेस आला आणि तुकडा गेला. म्हणजे गेलाच. मी चमच्यानं ढवळून बघितलं. तळाला थोडा चिकट लगदा.

"सकाळी झाडताना एक तुकडा ब्रश धुवायच्या थिनरच्या डब्यात पडला," ती म्हणाली. "काढायला गेले तर सापडेना. मला वाटलं डोळे बिघडले माझे."

मग तिनं पिशवीतून आपल्या मोरपंखी हेल्मेटचा मोठा तुकडा काढला. हवेसाठी जी भोकं असतात त्यांच्या कडेला आतलं थर्माकोल खाली बसलं होतं, किडलेल्या दाढेसारखं. स्प्रेचे फवारे भोकांतून आत गेले होते. सगळीकडे नव्हतं, दोन-तीन जागी होतं. पण होतं.

ती माझ्या ओट्यावर बसली. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, तेव्हाही ती रडली नाही. नुसती तुकडा बोटानं चाचपत राहिली. "पोरगं खरं बोलत होतं, बाई. तिन्ही गोष्टी." तिसरी गोष्ट तिला बोलता बोलता आठवली. ती ताडकन उभी राहिली. "भागूमावशींचा तडा!"

भागूबाईंना फोन लावला तर उचलेनात. त्यांच्या सुनेला लावला. ती म्हणाली, आत्या आत्ताच सायकलवर बहिणीकडे गेल्या, अकोल्याच्या रस्त्यानं.

आम्ही निघालो. बानूभाभी पुढे, ओढणी कमरेला खोचून, उघड्या डोक्यानं. मी मागे, अबोली हेल्मेट घालून. दोन किलोमीटरवर राणी ठिपका दिसला.

"मावशी! थांबा!"

भागूबाईंनी मागे पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदा त्या पुढे होत्या आणि आम्ही मागे. त्यांनी ओळखलं ते एवढंच की शर्यत लागलीय. त्या सीटवरून उठल्या आणि उभ्यानं पायडल मारायला लागल्या.

"मावशी, हेल्मेट काढा!"

"आज न्हाई सापडायची मी!"

बानूभाभी जितकं जोरात ओरडायची तितक्या त्या जोरात पळायच्या. साठीची बाई, पण काय पळाली! एका वळणावर तर मला वाटलं, हिला वाचवायला निघालो आणि आपणच पाडणार. शेवटी उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट रस्त्यात वळत होता, म्हणून त्यांना थांबावं लागलं.

"ट्रॅक्टर न्हाई धरायचा," त्या धापा टाकत म्हणाल्या. "मी जिकले."

"जिंकलात मावशी. आता हेल्मेट द्या. त्याला तडा गेलाय."

"कुटं? दाव की."

बानूभाभीनं कानामागे बोट फिरवलं. "इथून इथपर्यंत."

भागूबाईंनी हेल्मेट काढून डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं. ट्रॅक्टरवाल्यालाही दाखवलं. त्यालाही काही दिसेना.

"हितं तर काईच न्हाई."

"दिसणार नाही मावशी. मी झाकलंय. सव्वीस वर्षं मी तेच करते. गाडीचं झाकलं तर लोक खूश होतात, म्हणून मी तुमच्या डोक्याचंही झाकलं."

भागूबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग हेल्मेटकडे. अंगठ्यानं दाबलं. रंगात केसासारखी रेघ उमटली आणि पुट्टीचा कपचा खाली पडला.

"लई झ्याक झाकलं हुतंस," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, खरंच कौतुक होतं ते. मग म्हणाल्या, "आता मी घरी कशी जाऊ?"

मी माझंही हेल्मेट काढलं. तिघी जणी सायकली हातात धरून चार किलोमीटर चालत आलो. वाटेत ज्यांनी विचारलं त्यांना भागूबाई सांगत होत्या की शर्यत झाली आणि त्या जिंकल्या.

दुसऱ्या दिवसापासून बानूभाभी घरोघर फिरायला लागली. अलीमभाई म्हणाले होते, "कशाला? कुणाला कळणार आहे?" त्यावर तिनं बाटलीत थिनर भरून घेतलं, आणि थोड्या वेळानं त्यांनीच तिच्या सायकलच्या चाकात हवा भरून दिली. बरोबर वाटी आणि थिनरची बाटली. दारात उभी राहून तुकडा विरघळवून दाखवायची आणि हेल्मेट मागायची. कुणी लगेच देई, कुणी चहा पाजून नाही म्हणे. एका प्राध्यापकांनी तर सांगितलं, "मी सायकल चालवतच नाही हो. फोटोपुरतं घालतो."

जिमवाला सुनील काही ऐकेना. त्याची चार होती, काळ्यावर लाल ज्वाळा काढलेली.

"भाभी, तुम्ही घरी जा. मी अलीमभाईंशी बोलतो. रंगातलं त्यांना कळतं."

मी बाजूलाच उभी होते. बानूभाभीच्या ओठांच्या कडा हलल्या. ती हसायला लागली. आधी बारीक, मग पोट धरून, मग जिममधल्या वजनाच्या बाकड्यावर बसून. सुनीलला कळेना काय झालं.

"अलीमभाईंना?" ती डोळे पुसत म्हणाली. "अरे बाबा, त्यांना तुझ्या ज्वाळा हिरव्या दिसतात!"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. पण जिममध्ये अकरा माणसं होती. आम्ही रस्ता ओलांडून गॅरेजात पोचेपर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती. अलीमभाई बाहेर स्टुलावर बसले होते. बानूभाभी पडद्याशी उभी राहिली, आत जाईना, बाहेर येईना.

"सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"तोंडातून निघालं."

अलीमभाईंनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं. आता मला टोमॅटो आणायला पाठवू नकोस."

सव्वीस वर्षं ते बाजारातून कच्चे टोमॅटो आणत होते आणि विचारलं की म्हणायचे, मला असेच आवडतात. ती त्यांची भाजी करून घालत होती. दोघांनाही ती भाजी आवडत नाही, हे त्या दिवशी माझ्यादेखत निघालं.

धंदा बुडेल अशी तिला भीती होती. तसं काही झालं नाही. पूर्वी लोक अलीमभाईंशी बोलायचे, आता त्यांच्या खांद्यावरून आत हाक मारतात, "भाभी, जरा बघता का?" सारखं आत-बाहेर करताना पडदा मध्ये येऊ लागला, म्हणून अलीमभाईंनी तो काढून गाड्या पुसायला घेतला. सुनीलनं दोन हेल्मेटं परत दिली, दोन लपवली. भागूबाईंनी राणी हेल्मेटात लसूण भरून ठेवलाय. हवा खेळती राहते म्हणतात. सेफ्टीच्या आठवड्यात सम्राटनं बानूभाभीला सुप्याला बोलावून नेलं. तिनं कामगारांसमोर वाटीत तुकडा टाकला, तेव्हा मागच्या रांगेतल्या लोकांनी पुन्हा दाखवा म्हणून शिट्ट्या मारल्या. सम्राट सांगत होता, त्याच्या तासभराच्या भाषणात कुणी डोळेसुद्धा उघडले नव्हते.

आमच्या ग्रुपानं पुन्हा पांढरी हेल्मेटं घेतली. उवांचा प्रश्न होताच. तोही बानूभाभीनंच सोडवला. लोखंडाला कुठलाही रंग चालतो, तेव्हा तिनं हेल्मेटं तशीच ठेवली आणि सायकली रंगवून दिल्या. जिचं हेल्मेट तिच्या सायकलच्या हँडलला. आता गॅरेजात कुणी हेल्मेट घेऊन आलं की ती ते हातातही घेत नाही, सायकल आणायला सांगते.

गेल्या आठवड्यात अकोल्याहून एक तरुण मास्तर आला. त्याला लग्नाआधी हेल्मेट हळदी रंगाचं हवं होतं. त्यानं बराच वाद घातला, वाटीतला तुकडा विरघळताना पाहिला आणि सायकल हळदी करून घेतली. वाळू दे म्हणून सांगितलं तरी घाईघाईत बसला आणि गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात. हातात खाकी पँट, पायांच्या आतल्या बाजूंना हळदी पट्टे.

"भाभी, याला तरी थिनर चालेल का?"

बानूभाभीनं पँट घेतली, उजेडात धरली, कापड चिमटीत चोळून पाहिलं. मग बाटली उघडली, बोळ्यावर एकच थेंब घेतला आणि आतल्या शिवणीला, कुणाला दिसणार नाही अशा जागी टेकवला. "बसा," ती त्याला म्हणाली. "आधी पाच मिनिटं बघू काय होतं ते."